थट्टा, वस्ती आणि चौथे शील

दर रविवारी विहारात वंदना होते. आपण त्रिसरण घेतो, पंचशील घेतो. 'मुसावादा वेरमणी' हे चौथे शीलही घेतो. वंदना आटोपली की उपासक विहाराच्या ओट्यावर टेकतात, उपासिका नळाकडे वळतात, तरुण मंडळी कोपऱ्यावर जमतात आणि गप्पांना रंग चढतो. कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाचा मुलगा कुठे नोकरीला लागला, कोण कोणाला काय म्हणाले, असे सगळे विषय निघतात. टोपणनावे निघतात. टाळ्या देऊन हसणे होते. प्रश्न असा आहे की, नुकतेच घेतलेले चौथे शील या गप्पांत आपल्याबरोबर असते की विहारातच मागे राहते?

हा प्रश्न कोणाला क्षुल्लक वाटेल. अत्याचार, बेकारी, शिक्षण असे डोंगराएवढे प्रश्न पुढे असताना हसण्याखिदळण्याची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. परंतु धम्मांतर म्हणजे केवळ देव बदलणे नव्हे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत जुन्या देवदेवतांचा त्याग आहे. तशीच सर्व माणसे समान मानण्याची आणि समता स्थापन करण्याची प्रतिज्ञाही आहे. देव्हारा एका दिवसात रिकामा करता येतो. 'जोहार' टाकून 'जय भीम' म्हणायलाही आपण शिकलो. परंतु जिभेवरचे बाकीचे संस्कार इतक्या लवकर जात नाहीत. माणूस भाषण करताना सावध असतो, अर्ज लिहिताना सावध असतो. थट्टा करताना मात्र तो बेसावध असतो. म्हणून मनात काय शिल्लक आहे हे थट्टेतच अधिक स्पष्ट दिसते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. काही धम्मबांधव म्हणतात, बौद्ध माणसाने गप्पाच मारू नयेत. आधार म्हणून ते सुत्तांतील 'तिरच्छानकथे'ची यादी दाखवतात. राजांच्या गोष्टी, चोरांच्या गोष्टी, खाण्यापिण्याच्या गोष्टी, नातलगांच्या गोष्टी अशा निरर्थक बोलण्याची ती यादी आहे. तीत 'विसिखाकथा' म्हणजे गल्लीतल्या गप्पा आणि 'कुंभट्ठानकथा' म्हणजे पाणवठ्यावरच्या गप्पा, हीही नावे येतात. यादी खरी आहे. परंतु ती सांगितली आहे घरदार सोडून ध्यानासाठी निघालेल्या भिक्खूला. गृहस्थाला भगवंतांनी काय सांगितले ते सिगालोवाद सुत्तात पाहावे. मित्रांशी कसे वागावे हे सांगताना तेथे दान, प्रिय वाणी, हिताचे आचरण आणि समानतेची वागणूक ही नावे येतात. गृहस्थाने शेजाऱ्याशी बोलूच नये असे तेथे कोठेही नाही. उलट गोड बोलणे हे त्याचे कर्तव्यच सांगितले आहे.

आपल्या बाबतीत तर याहून मोठी गोष्ट आहे. पाणवठ्यावरच्या गप्पा सोडण्यासाठी आधी पाणवठा असावा लागतो. ज्यांना सार्वजनिक पाणवठ्यावर घागर टेकवण्याची बंदी होती, त्यांच्या वाट्याला तेथल्या गप्पा कोठून येणार? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा त्या लढ्यात केवळ पाण्याचा हक्क नव्हता. चारचौघांत उभे राहून मोकळेपणाने बोलण्याचा हक्कही होता. आज वरळी-नायगावच्या चाळी असोत की नागपुरातील इंदोऱ्यासारखी वस्ती असो, आपल्या आयाबहिणी नळावर बिनधास्त हसतात. कोण आजारी आहे, कोणाला रक्त हवे आहे, कोणाच्या मुलीची फी भरायची राहिली आहे, हे याच गप्पांतून कळते. अशा हसण्याबोलण्याला निरर्थक कोण म्हणेल?

धम्म हा रडक्या चेहऱ्याचाही नाही. तेविज्ज सुत्तात भगवंत एक दृष्टांत देतात. एक मनुष्य म्हणतो, देशातील सर्वांत सुंदर स्त्रीवर माझे प्रेम आहे. ती कोणत्या कुळाची, उंच की ठेंगणी, कोणत्या गावची, असे विचारले तर त्याला काहीच सांगता येत नाही, कारण त्याने तिला पाहिलेलेच नाही. ब्रह्म्याला न पाहता ब्रह्म्याची वाट सांगणाऱ्यांची गत अशीच, असे भगवंत म्हणतात. अग्गञ्ञ सुत्तात तर ब्रह्म्याच्या मुखातून जन्मल्याचा दावा करणाऱ्यांना ते साधी आठवण करून देतात की, ब्राह्मणांच्या स्त्रियाही गर्भवती होताना, प्रसूत होताना आणि मुलांना पाजताना सर्वांना दिसतात. ऐकणाऱ्याला हसू फुटावे असेच हे बोलणे आहे. पण तो विनोद दाव्यावर आहे. जन्मावरून मोठेपणा सांगणाऱ्या खोटेपणावर आहे. समोर बसलेल्या वासेट्ठ आणि भारद्वाज या ब्राह्मण तरुणांचा त्यात कोठेही पाणउतारा नाही.

हाच वारसा आंबेडकरी जलशांनी चालवला. भीमराव कर्डकांसारख्यांनी गण-गौळणीची जागा प्रबोधनाला दिली आणि भटजी, सावकार, अंधश्रद्धा यांची हसत हसत झाडाझडती घेतली. त्या हसण्याने दबलेला माणूस ताठ उभा राहिला. तेव्हा विनोद टाकायचा की ठेवायचा, हा प्रश्नच नाही. विनोद कोणाला उभे करतो आणि कोणाला बसवतो, हा खरा प्रश्न आहे.

आता अवघड भाग. आपल्या वस्तीत रोज जी थट्टा होते, तीत काय काय येते? पायाने अधू असलेल्याला 'लंगड्या', अडखळत बोलणाऱ्याला 'तोतऱ्या', सावळ्या मुलीला 'काळी'. बायकोच्या अकलेवरची थट्टा. सोयरीक जमवताना 'ते बावणे, आपण लाडवण' असा हसत हसत मारलेला टोमणा. झाडूकाम करणाऱ्या किंवा चामड्याचे काम करणाऱ्या दुसऱ्या समाजाच्या नावाने केलेल्या नकला. दुसऱ्या जातीतून अलीकडे धम्मात आलेल्या बांधवाला 'हे नवे पाहुणे' म्हणून मारलेला चिमटा. आणि सर्वांत दुःखाची गोष्ट म्हणजे, चांगल्यात काही वाईट निघाले की 'गाव तिथे महारवाडा' ही म्हण आपल्यातलेच काही लोक सहज हसत वापरतात. ही म्हण कोणाच्या घराला वाईट म्हणते, याचा बोलणाऱ्याला पत्ताही नसतो.

याला कोणी हटकले तर एकच उत्तर मिळते: "अहो, मी थट्टा केली. मनात काही नव्हते." हे उत्तर बौद्ध माणसाने गंभीरपणे तपासले पाहिजे, कारण त्याला धम्माचाच आधार असल्यासारखे दिसते. चेतना हेच कम्म, असे भगवंतांचे वचन आपण ऐकले आहे. मग ज्याच्या चेतनेत द्वेष नाही, त्याच्या बोलण्यात अकुशल कसे? युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण विनयपिटकाने त्याचे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले आहे.

छब्बग्गिय भिक्खू इतर सदाचारी भिक्खूंना जातीवरून, नावावरून, गोत्रावरून, कामावरून, कसबावरून, रोगावरून आणि शरीराच्या ठेवणीवरून हिणवत. त्यावर भगवंतांनी नियम केला आणि असे हिणवणे पाचित्तिय दोषात घातले. त्या वेळी त्यांनी नंदिविसाल बैलाची कथा सांगितली. तक्षशिलेच्या एका ब्राह्मणाने आपला बैल शंभर गाड्या ओढील अशी हजाराची पैज लावली आणि ऐन वेळी बैलाला 'कूटा' म्हणून हिणवले. बैल जागचा हलला नाही. पैज गेली. पुढे त्याच ब्राह्मणाने दोन हजारांची पैज लावली, बैलाला गोड शब्दांनी हाक मारली, आणि बैलाने शंभर गाड्या ओढल्या. हिणवलेले जनावरालाही आवडत नाही, मग माणसाची काय कथा!

पण या नियमाचे खरे मोल त्याच्या विवरणात आहे. हिणवण्याचा हेतू नसताना, केवळ थट्टेच्या हौसेने कोणी कोणाला चांडाळ म्हटले, बुरूड, कुंभार, चांभार, न्हावी अशा कसबावरून बोलला, तर काय? विनय म्हणतो, तो पाचित्तिय नव्हे. पण तो निर्दोषही नव्हे. त्याला 'दुब्भासित', म्हणजे वाईट बोललेले, असे निराळे नाव दिले आहे. येथे हेतूचा विचार झाला आहे, म्हणूनच दोष हलका झाला. पण बोलण्यातील जन्माचा दंश शिल्लक राहिला, म्हणून दोष पुसला गेला नाही. 'मनात काही नव्हते' या उत्तराने दोष कमी होतो, नाहीसा होत नाही.

कोणी म्हणेल, हाही नियम भिक्खूंचाच. खरे आहे, उपासकाला पाचित्तिय लागत नाही. पण प्रत्येक नियमामागचे कारण पाहावे. तिरच्छानकथेला मनाई आहे ती भिक्खूच्या ध्यानात खंड पडतो म्हणून. ते कारण त्याच्या जीवनाचे आहे. हिणवण्याला मनाई आहे ती ऐकणाऱ्याला इजा होते म्हणून. ते कारण सर्वांचे आहे. संघात न्हावी उपाली होता, निर्माल्य उचलणारा सुनीत होता. प्रवेश करताना त्यांची जात गळून पडली होती. दारातून बाहेर गेलेली जात थट्टेच्या खिडकीतून पुन्हा आत येऊ नये, यासाठी हा नियम किती आवश्यक होता, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार?

बाहेरच्यांनी आपल्याला जातीवरून चारचौघांत अपमानित केले, तर त्यासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. पण आपणच आपल्या माणसाला पोटजातीवरून टोमणा मारला, तर त्याला तो कायदा लागत नाही. तेथे फक्त शील पोहोचते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा बाबासाहेबांचा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सम्यक वाणीचे विवेचन करताना त्यांनी स्पष्ट केले आहे की, ही वाणी कोणा वरिष्ठाच्या भीतीने किंवा स्वतःच्या फायद्यासाठी पाळायची नाही. पोलीस नाही, देव नाही, साक्षीदार नाही. तरीही जीभ आवरायची. हे शिकणे म्हणजेच दीक्षेचा अर्थ शिकणे होय.

मग गप्पा मारताना कसोटी कोणती लावावी? अंबलट्ठिका येथे राहुलाला उपदेश करताना भगवंतांनी थट्टेतसुद्धा खोटे न बोलण्यास सांगितले आणि आरशाचा दृष्टांत दिला. आरसा जसा पाहण्यासाठी, तसे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर तपासून पाहावे. हा उपदेश लहान सामणेरापुरता नाही. सम्राट अशोकाने आपल्या बैराट येथील लेखात राहुलाला केलेल्या या उपदेशाचे नाव घेतले आहे आणि तो भिक्खू-भिक्खुणींप्रमाणे उपासक-उपासिकांनीही ऐकावा अशी इच्छा व्यक्त केली आहे.

तोच आरसा ओट्यावर न्यावा. माझी थट्टा ज्याच्यावर आहे, तो माझ्यावर तेवढ्याच मोकळेपणाने उलट थट्टा करू शकतो काय? थट्टा त्याच्या करणीवर आहे की जन्मावर, रंगावर, व्यंगावर? तो येथे नसता तर मी हेच बोललो असतो काय, आणि तो येथे असता तर बोललो असतो काय? मित्राच्या विसरभोळेपणावर, नेत्याच्या लांबलेल्या भाषणावर, स्वतःच्या फजितीवर खुशाल हसावे. बरोबरीच्या माणसांतील असे हसणे म्हणजे सिगालोवादातील समानतेची वागणूकच होय.

आणि वाईट थट्टा कानी आली तर काय करावे? चारचौघांत त्या माणसाची खरडपट्टी काढू नये. तेही फरुसवाचेचे, कठोर वाणीचेच रूप होईल आणि मस्करीची कुस्करी होईल. आधी एवढेच करावे की हसू नये. ऐकणारा हसला नाही तर थट्टा तेथेच संपते. मग त्या भावाला बाजूला घेऊन 'दादा, हा शब्द कोणाच्या घराला लागतो ते पाहा' असे सांगावे. ज्याला टोपणनावाने हाक मारतात त्याला आजपासून आपण त्याच्या नावाने हाक मारावी. वस्तीतील एका माणसाने हे सुरू केले तरी मुले ते ऐकतात, आणि मुले जे ऐकतात तेच बोलतात. येत्या रविवारी चौथे शील घेऊन विहाराबाहेर पडताना आपण एवढे करू या.

जय भीम!