पुसलेले तेल

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामाची जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप विकावयाचे ठरले. सातारा जिल्ह्यातील डोंगराळ वाड्यावस्त्यांवर मिस्सेसाठी जाताना तिने अनेक पावसाळे पाहिले होते. अलीकडे मात्र ती जिथे उभी राही तिथे पुढच्या चाकांखाली तेलाचे काळसर डाग पडत. मिस्त्रीने चाक उतरवून दाखवले. “फादर, थेंब हितं चाकापाशी पडतोय, पर दुखणं आत हाय.”

त्याने समजावले ते असे. पुढच्या एक्सलच्या पोटात डिफरन्शियल असते व त्याची दातेरी चक्रे गियर ऑइलमध्ये फिरतात. हे तेल दांड्यांवरून चाकांकडे वाहू नये म्हणून दोन्ही बाजूंना एकेक ऑइल सील बसवलेले असते. पत्र्याच्या कड्यात रबराची ओठासारखी कड आणि ती दांड्याला बिलगून राहावी म्हणून मागे एक बारीक गोल स्प्रिंग. वयाने व उष्णतेने रबर कडक होते, दांड्यावर घासून खाच पडते. शिवाय हौजिंगवर ब्रीदर नावाची हवेची लहानशी वाट असते. ती चिखलाने बुजली की आतली तापलेली हवा तेलाला सीलबाहेर ढकलते; मग नवे सील घातले तरी तेही गळू लागते. आमच्या जीपमध्ये आतल्या सीलपर्यंत पोहोचावयाचे तर चाके, हब, दांडे आणि डिफरन्शियलही बाहेर काढणे भाग होते. वस्तू थोड्या पैशांची, मजुरी मोठी. आणि तेल झिरपत ब्रेकच्या लायनरपर्यंत गेले तर ब्रेक नीट धरत नाही, गाडी एका बाजूला ओढते.

दुरुस्तीसाठी पैसे नव्हते. सांगलीकडील एक शेतकरी गाडी पाहावयास येणार होता. धर्मग्राम मंडळातील एका सज्जन, वडीलधाऱ्या सभासदाने सुचवले, “फादर, खालचा भाग डिझेलने धुऊन घेऊ. तेल थोडं कमी ठेवू, म्हणजे थेंब पडणार नाही. त्यांनी विचारलं तर सांगा. आपण होऊन कशाला बोलायचं? खोटं थोडंच बोलतोय आपण?”

जीप धुतली गेली. मी नको म्हटले नाही.

न बोलणे म्हणजे खोटे बोलणे काय? हा प्रश्न दोन हजार वर्षांहून जुना आहे. दुष्काळाने गांजलेल्या ऱ्होड्स बेटावर धान्य घेऊन आलेल्या व्यापाऱ्याचे उदाहरण सिसरोने दिले आहे. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याला ठाऊक आहे. त्याने ते सांगावे काय? तत्त्वज्ञ डायोजिनीसच्या मते न सांगणे म्हणजे लपविणे नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपाटर म्हणे, सारे सांगावे. सिसरोचा कौल शिष्याकडे आहे. संत थॉमस अक्विनास यांनी याचा अधिक बारकाईने विचार केला. येणाऱ्या जहाजांविषयी बोलण्याचे न्यायाचे बंधन व्यापाऱ्यावर नाही; बोलला तर तो मोठा सद्गुण. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर तो दोष दिसतोच. किंमत त्या मानाने कमी केली म्हणजे पुरे. परंतु दोष छुपा असेल व त्यापासून घेणाऱ्यास हानी वा धोका संभवत असेल, तर त्याने न विचारताही तो सांगितलाच पाहिजे.

1930 चा आपला मालविक्री कायदा, काही अपवाद सोडल्यास, घेणाऱ्यानेच सावध राहावे असे मानतो. आमच्या वडीलधाऱ्यांचे म्हणणेही अगदीच पोकळ नव्हते. घेणारा तरी आपल्या खिशात किती आहे ते कुठे सांगतो? आणि पैसा माझा नव्हता, धर्मग्रामाचा होता. पण विश्वस्त झाला म्हणून कुणाला दुसऱ्याच्या अज्ञानातून भर घालण्याचा अधिकार मिळत नाही. शिवाय आम्ही केवळ गप्प बसलो नव्हतो. तो थेंब आपण होऊन बोलत होता. आम्ही त्याचे तोंड पुसले. एकाक्ष घोड्याला आम्ही दुसरा डोळा रंगवून दिला होता.

सांगलीजवळ हरिपूरला हळद जमिनीतील पेवांत साठवीत असत. पेवाचे तोंड बुजवले की आतला माल दिसत नाही. अशा मालाचा व्यवहार अखेर शब्दावरच उभा असतो.

शेतकरी आला. गाडी चालवून पाहिली, वाकून खालून पाहिली, समाधानाने मान हलवली. इसाऱ्याचे पैसे मोजता मोजता म्हणाला, “पुढच्या आठवड्यात पोरांना घेऊन कुंभार्ली घाटानं चिपळूणला जायचंय.”

तेव्हा माझ्या तोंडून सारे बाहेर पडले: सील, ब्रेक, डिझेलने धुणे. त्याने पैसे खिशात ठेवले. “दोन दिवसांनी येतो, फादर,” म्हणाला. आला नाही. पुढे ती जीप बऱ्याच कमी किमतीत, दोष सांगून, विकली. त्या पैशातून धर्मशिक्षणाच्या खोलीचे छप्पर व्हावयाचे होते; ते आणखी एक पावसाळा गळत राहिले. मुलांना व्हरांड्यात बसवताना ते वडीलधारे म्हणाले, “तुमचं खरं, फादर. पण छप्पर?” मजजवळ उत्तर नव्हते.

आजही नाही. त्याहून दुसरीच एक गोष्ट मनाला बोचते. मी बोललो तो घाटाच्या भीतीने, मुलांच्या उल्लेखाने. तो शेतकरी सपाट रस्त्याने एकटाच मिरजेला जाणार असता, तर मी बोललो असतो काय? पापनिवेदनाच्या वेळी आपण बहुधा चाकापाशी पडलेला थेंब सांगतो. त्या दिवसाचे माझे आतले दुखणे मात्र या प्रश्नात आहे.