गुपिताचा वाटेकरी

मंत्री होणारा माणूस चारचौघांसमक्ष उभा राहून दोन शपथा घेतो. एक पदाची आणि दुसरी गोपनीयतेची. आमदार-खासदाराला मात्र एकच शपथ असते. राज्यघटनेशी निष्ठा राखण्याची व कर्तव्य पार पाडण्याची. गुपित राखण्याचे वचन त्याच्याकडून कोणी घेत नाही. ज्याच्याकडून हे वचन घेतले नाही त्याला गुपित सांगायचेही नाही, असा सरळ अर्थ ह्यातून निघतो.

आमच्या पेठेतील तालमीच्या कट्ट्यावर ह्या विषयावरून एकदा बरीच हमरीतुमरी झाली. एक आबा तावातावाने म्हणाले, "मास्तर, मतं आम्ही द्यायची, माणूस आमचा निवडून जायचा, आणि कपाटाची किल्ली सायबाकडं? ह्यो कुठला न्याय?" प्रश्न रांगडा खरा, पण लोकशाहीच्या मुळालाच हात घालणारा आहे. मत देऊन आपण माणसाला नुसती खुर्ची देतो, की किल्लीही देतो?

माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या मास्तराने राज्यशास्त्राचे ग्रंथ पालथे घातल्याचा आव आणण्यात अर्थ नाही. मी आपले माझ्या धंद्यातले उदाहरण घेतो. दहावीच्या प्रश्नपत्रिकांची पाकिटे सीलबंद येतात आणि ठरल्या वेळी, साक्षीदारांसमक्ष फोडली जातात. शाळेत मुख्याध्यापकांचा शब्द अखेरचा असतो. पण आदल्या रात्री ते पाकीट फोडण्याचा अधिकार त्यांनाही नाही. ह्यात कोणाला त्यांचा अपमान झाल्यासारखे वाटत नाही, कारण प्रश्न आधी वाचल्यावाचून त्यांचे कोणतेही काम अडत नाही.

गुपितावरचा हक्क पदाच्या उंचीवरून ठरू नये, अंगावर पडलेल्या कामावरून ठरावा, असे मला वाटते. इथून पन्हाळगडाकडे पाहिले की हे अधिकच पटते. १६६० च्या जुलैत महाराज वेढ्यातून निसटले, त्या बेतात शिवा काशीदाला घेतले गेले. तो कोणी सरदार नव्हता. परंतु महाराजांच्या वेषात सिद्दी जौहरच्या छावणीत जाऊन मरण पत्करायचे होते ते त्याला. त्याच्यापासून तो बेत लपविणार तरी कसा?

आता ह्याच मापाने लोकप्रतिनिधीला मोजू. त्याच्या अंगावर कोणते काम आहे? फौजेच्या खर्चाला तो संमती देतो आणि फौजेचे काही चुकले तर जाब विचारणे हेही त्याचेच काम. आमच्या जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी नावाचे गाव आहे; घरटी शिपाई देण्याच्या परंपरेवरून त्याला ते नाव पडले. त्या गावाच्या प्रतिनिधीला लढाईच्या आदल्या रात्री चाल कळण्याचे काही कारण नाही. पण लढाई हरल्यावर ती का हरली, हे त्याला कळू नये काय?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. आमच्याच राजाराम कॉलेजातून १९३८ साली बी. ए. झालेले यशवंतराव चव्हाण १९६२ च्या नोव्हेंबरात संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत राहून त्यांनी इंग्रज सरकारपासून गुपिते राखली होती. आता सरकारचीच गुपिते राखणे त्यांच्या वाट्यास आले. चीनपुढे झालेल्या पराभवाची लष्करी चौकशी हेंडरसन ब्रुक्स आणि भगत ह्या दोन अधिकाऱ्यांनी केली. २ सप्टेंबर १९६३ रोजी यशवंतरावांनी लोकसभेत तिचा गोषवारा सांगितला: प्रशिक्षण, सामग्री, हुकमतीची व्यवस्था, जवानांची तयारी, सेनानींची कुवत. अहवाल मात्र त्यांनी प्रसिद्ध केला नाही. सीमेवरचे घाव ओले असताना त्यांनी तसे केले ते मला योग्यच वाटते.

पण तेव्हा लागलेले कुलूप मग कोणीच काढीना. २०१४ च्या मार्चमध्ये विरोधी बाकावर असलेल्या अरुण जेटलींनी अहवाल इतका काळ दडवून ठेवण्याविषयी प्रश्न केला. त्याच वर्षी जुलैत संरक्षणमंत्री म्हणून तो प्रसिद्ध करणे राष्ट्रहिताचे नाही, असे उत्तर त्यांनीच दिले. पक्षाला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. खुर्ची बदलली की किल्लीविषयीचे मत बदलते, एवढेच त्यातून दिसते. आणि गंमत अशी की, त्याच मार्चमध्ये नेव्हिल मॅक्सवेल ह्या परदेशी पत्रकाराने अहवालाचा मोठा भाग जगासमोर ठेवला होता. म्हणजे परक्यांनी वाचला, चिन्यांनीही वाचला असणार. आपल्या संसदेपुढे मात्र तो सरकारने ठेवला नाही!

ज्याच्या कारभाराची चौकशी व्हायची, त्यानेच चौकशीचे कागद उघडायचे की नाही हे ठरवावे, हे काही मला पटत नाही. आमच्या घरी लाडवांचा डबा कोठे दडवला आहे हे आईच एकटी जाणते, आणि ते ठीकच आहे. परंतु पाडव्याआधी डबा रिकामा झाला तर तिलाही चारजणांत हिशेब द्यावा लागतो.

सगळ्याच खासदारांना सगळे सांगा असे मात्र मी म्हणणार नाही. शेकडो तोंडांतून गेलेली गोष्ट गुपित राहत नाही, आणि निवडणुकीच्या सभेत टाळी घेण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. थोड्या, निवडक सभासदांची समिती असावी, तीत विरोधकही असावेत, त्यांनी मंत्र्यांप्रमाणे दुसरी शपथ घ्यावी आणि बंद दाराआड कागद पाहावेत. अमेरिकेत दोन्ही सभागृहांनी १९७६ आणि १९७७ साली अशा समित्या नेमल्या. ब्रिटनमध्ये १९९४ पासून एक आहे. आपल्याकडे आय. बी. आणि रॉ ह्यांच्यावर नजर ठेवणारी अशी संसदीय समिती नाही. लोकसभेच्या नियमांत गुप्त बैठकीची तरतूद आहे खरी. १९६२ च्या नोव्हेंबरातच तशी सूचना पुढे आली होती. पण हा प्रश्न साऱ्या देशाचा आहे म्हणून नेहरूंनी ती मानली नाही. बोलायचे ते उघड बोलू, हा त्यांचा बाणा मला आवडतो. मात्र पुढे अहवाल आला तेव्हा तो उघडही बोलला गेला नाही आणि बंद दाराआडही वाचला गेला नाही.

बासष्ट साली विशीत असलेला जवान आज हयात असला तर ऐंशीच्या पलीकडे आहे. बोमडिला सोडून मागे का यावे लागले, हे सांगणारा कागद त्याच्या सरकारने त्याला अजून दाखविलेला नाही.