खुंटाची राखण

आजचा शास्त्रभाग : ईयोब १४:७-१०



दुःखाने पिचलेला ईयोब आज झाडाचा हेवा करतो. तोडलेल्या झाडाला पाण्याची नुसती चाहूल लागली तरी ते पुन्हा फुटतं. माणसाचं तसं कुठे होतं, असं तो देवाला विचारतो.

झाडाचं हे खरं आहे. कोकणातल्या आमच्या डोंगरावर मी ते पाहिलंय. माणसं मुंबईला गेली, घरोघरी गॅस आला, आणि ते रान वीसेक वर्षं कुणी पाहिलंच नाही. घाणेरी माजली, वणवे लागू लागले. मग माझा चुलतभाऊ गावी परतला आणि त्याने तिथे जळाऊ लाकडाचा छोटा धंदा सुरू केला. एक ठेकेदार सगळा डोंगर एकदम तोडून एकरकमी पैसे द्यायला तयार होता. मुलीची कॉलेजची फी भरायची होती. तरी भाऊ नको म्हणाला.

त्याने रानाचे दहा भाग पाडले. वर्षाला एकच तोडतो. ऐन, किंजळ ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात येतात, म्हणून आधी परवानगी काढतो. घाव जमिनीलगत आणि तिरका घालतो, म्हणजे पाणी साचून खुंट कुजत नाही. पुढे खुंटाला धुमाऱ्यांचा झुबका येतो. त्यातले दोन-तीन जोमदार ठेवतो. खरं काम त्यानंतरचं. कोवळी पालवी गुराशेळ्यांनी पुन्हा पुन्हा खाल्ली की खुंट मरतो. म्हणून काट्यांचं कुंपण घालायचं, उन्हाळ्यात वणव्यावर नजर ठेवायची.

एकदा मी विचारलं, "जिवंत झाडावर कुऱ्हाड घालताना काही वाटत नाही का रे?"

तो म्हणाला, "वाटतं ना. ठेकेदाराची कुऱ्हाड आणि माझी कुऱ्हाड सारखीच. पण तो तोडून जातो. मला पुढच्या पावसात इथेच यायचंय."

हे शब्द मला लागले. आपणही घाव घालतो. मुलाला टाकून बोलतो, मंडळीत कुणाची चूक दाखवतो, आणि "तुझ्या भल्यासाठीच" म्हणून मोकळे होतो. भल्यासाठी होतं की नाही, हे घाव घालताना ठरत नाही. नंतर आपण त्याच्या दाराशी गेलो का, यावर ते ठरतं. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले, तेवढीच खरी राखण झाली. पुढे त्यांनी तोंड उघडलं आणि उपदेश सुरू केला.

आणि काही जुने खुंट फुटतच नाहीत. भाऊ ते कबूल करतो, त्या जागी जांभळाचं रोप लावतो. म्हणून कुऱ्हाड उचलण्याआधी थोडं थांबावं.

प्रार्थना : प्रभू, ज्याला माझ्या शब्दांनी घाव झाला त्याच्याकडे आज मला परत पाठव. आमेन.