हरवलेले पदक

सैनिकाचे पदक हरवले, चोरीस गेले वा आगीत विरघळले, तर सरकारकडे अर्ज करून दुसरे मिळविता येते. पण त्या दुसऱ्यास पहिल्याची योग्यता येते काय? पहिल्या महायुद्धातील रुप्याच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण उमटविलेली असे. नव्या पदकावरही तीच अक्षरे उमटली असे धरू. आजोबांच्या बोटांनी गुळगुळीत झालेली कड मात्र कोणती कचेरी देणार?

वर्ध्याच्या माणसाला येथे सेवाग्राम आठवल्यावाचून राहत नाही. १९३६ साली तेथे राहावयास आलेल्या गांधीजींनी १९२० च्या ऑगस्टमध्ये बोअर युद्धाचे व १९०६ च्या झुलू बंडाचे पदक, कैसर-इ-हिंद सुवर्णपदकासह, व्हाइसरॉयांस परत केले होते. जखमींना डोल्यांतून वाहून नेण्याचे श्रम काही त्यांबरोबर परत गेले नाहीत. तेव्हा पदकाबरोबर सेवा नाहीशी होत नाही, हे खरे. तथापि चोरी झालेल्या घरी जाऊन हा युक्तिवाद करण्याचा मला धीर होणार नाही. गांधीजींनी पदके आपण होऊन दिली. या घरातून ती नेली गेली. दुसऱ्या पदकासाठी कचेरीत खेटे घालणाऱ्या वृद्ध शिपायास मी तरी मानाचा लोभी म्हणणार नाही.