मानेवरचा मळ

भेंडवळची घटमांडणी अक्षय्य तृतीयेला संध्याकाळी होते आणि भाकीत दुसऱ्या दिवशी पहाटे निघतं. जळगाव जामोद तालुक्यातल्या एका आजोबांचा नेम असा, की रात्रीच मुक्कामाला जायचं आणि पाऊस किती, कपाशीचं काय, सगळं स्वतःच्या कानांनी ऐकून यायचं. यंदा ते परतले तेव्हा सून ओट्यावर नातीची मान घासत बसली होती. बेसन झालं, लिंबू झालं, आता वजरी. पोर कळवळत होती. पोरीला बघायला येणारे पाहुणे पंधरा दिवसांवर आले होते आणि मान काही उजळेना.

मळ नव्हताच तो. मानेच्या घडीतली कातडीच काळी, जाडसर, मखमलीसारखी झाली होती.

दुसरी गोष्ट सुनेने कुणालाच सांगितली नव्हती. पोरीला एकोणिसावं लागलेलं आणि चार महिने पाळी नव्हती. लग्नसराईत अडचण नाही म्हणून आधी तिला बरंच वाटलं. मग धास्ती बसली. लग्नाच्या पोरीची पाळी चुकली म्हटलं की गाव एकच अर्थ काढतं.

आशाताई आली होती ती आजीची साखर पाहायला. बोट टोचता टोचता तिचं लक्ष नातीकडे गेलं. "पाळी कधी आली होती गं?"

"येते ना बरोबर," सून घाईने म्हणाली.

"काहून खोटं बोलतं वं?" आजी कडाडली. "चार महिने झाले, दोरीवर तिचा कपडा नाही दिसला मले." मग तिने पदर सरकवून स्वतःची मान दाखवली. "हे पाह्य. मलेबी तीन-तीन महिने येत नव्हती. आठ वर्षं लेकरू नाही, तोवर वांझच म्हने सारे. शेगावले नेलं, सैलानीले नेलं, दवाखान्यात कोनी नेलं नाही. मग साखर आली, अन् पायाचं बोट गेलं."

बायकांच्या पाळीचे दिवस मोजायची आपल्याकडे रीत आहे, पण ती देवघरासाठी.

आशाताईने पोरीला ग्रामीण रुग्णालयात न्यायला लावलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी लघवी तपासून गरोदरपण नाही याची खात्री केली. सुनेचा अर्धा घोर तिथेच गेला. मग पोरीचं उपाशीपोटी रक्त घेतलं, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजलं आणि दोन तासांनी पुन्हा रक्त घेतलं. दुसरा आकडा आला १६२. तो १४० च्या आत हवा. २०० झाला की मधुमेह.

"मान, पाळी, साखर ही तीन दुखणी नाहीत," बाई म्हणाल्या. शरीर इन्सुलिनला दाद देईना, की स्वादुपिंड ते आणखी सोडतं. त्या जादा इन्सुलिनने मानेची कातडी जाडावते आणि अंडाशय पुरुषी संप्रेरकं वाजवीपेक्षा जास्त बनवतं. मग बीज पिकून सुटत नाही आणि पाळी लांबते. गर्भाशयाचं अस्तर मात्र वाढतच राहतं; वर्षानुवर्षं असंच चाललं तर पुढे कर्करोगाचा धोका. याला पीसीओएस म्हणतात. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ मध्ये अशा सात बायकांची नोंद केली होती. इन्सुलिनशी त्याचं नातं कळायला १९८० साल उजाडलं. आजीची तरुणपणची वर्षं तोवर नवसांत गेली होती.

पाळी नियमित यावी म्हणून गोळ्या मिळाल्या, साखरेसाठी वेगळी. पहाटे चालणं, भाकरी एक कमी, उसळ-भाजी जास्त, बिनसाखरेचा चहा. चहावरून आजोबा कुरकुरले. "पावसाचं सारं समजते तुमाले," आजी म्हणाली, "घरातल्या पोरीचं नाही!"

पाहुणे आले. मुलाच्या आत्याने पोहे खाता खाता विचारलं, "पोरीच्या तब्येतीचं काही?" सून पदर सावरू लागली. आजीने सरळ सांगून टाकलं, "साखर काठावर हाये, पाळी औषधावर हाये, अन् रोज पहाटे तीन किलोमीटर चालते."

आत्याने बशी खाली ठेवली. पुरुष बाहेरच्या बैठकीत आहेत हे पाहून ती आजीजवळ सरकली. "आमच्या धाकटीलेबी दोन-दोन महिने येत नाही. मानबी अशीच हाये. डॉक्टरीण कोनत्या वारी बसते?"

"सोमवारी. उपाशीपोटी ने तिले."