पुढल्या पिढीच्या हातीं

शास्त्रभाग : स्तोत्र ७८ : १–८, २ तीमथ्य १ : ५



बापाची शेतजमीन मुलाच्या नांवावर चढविण्यास तलाठ्याच्या दप्तरांतील एक नोंद पुरते. विश्वासाचें तसें नाहीं. बाप्तिस्म्याच्या वहींत नातवाचें नांव आजोबांच्या नांवाखालीं लिहिलें, एवढ्यानें आजोबांचा विश्वास नातवाच्या अंतःकरणांत उतरत नाहीं. आणि कोणीं सांगितलेंच नाहीं, तर त्यानें विश्वास तरी कशावर ठेवावा? म्हणून देवानें केलेलीं कृत्यें वडिलांनीं लेकरांपासून लपवूं नयेत, असें स्तोत्रकर्ता आसाफ बजावितो. पौलही तीमथ्याच्या विश्वासाविषयीं लिहितांना त्याची आजी लोईस व आई युनीके यांची आठवण करितो.

उन्हाळी मेळ्यांतून हें देणेंघेणें कसें घडतें, याचें एक उदाहरण घ्या. इंग्लंडच्या उत्तरेस सरोवरांच्या प्रदेशांत केझिक नांवाचें एक लहान गांव आहे. तेथें १८७५ सालीं इंग्लिश मंडळीचे पाळक हारफर्ड-बॅटर्सबी व त्यांचे क्वेकर पंथाचे मित्र रॉबर्ट विल्सन यांनीं तंबू ठोकून प्रार्थनेची व बोधाची सभा भरविली. पुढें उन्हाळ्यांत तेथें असा मेळा भरण्याचा प्रघात पडला. आजही तेथें आजीआजोबा व नातवंडें एकत्र जमतात. पंथ निराळे असले तरी ख्रिस्ताच्या ठायीं आपण एक आहों, हें त्या मेळ्याचें ब्रीद आहे.

या कार्यामुळेंच विल्सनसाहेबांची ओळख आयर्लंडच्या एमी कारमायकल या तरुणीशीं झाली. तिचे वडील वारले होते. साहेबांची पत्नी व मुलगी परलोकवासी झाल्या होत्या. १८९० सालीं ती त्यांच्या घरीं कन्येप्रमाणें राहूं लागली. परंतु १८९२ सालीं परदेशीं जाऊन शुभवर्तमान सांगण्याचें पाचारण तिला झालें. उतारवयांत हा वियोग साहेबांस फार जड गेला, तरी त्यांनीं तिला अडविलें नाहीं. केझिकच्या मेळ्यानें साहाय्य देऊन पाठविलेली ती पहिली मिशनरी. १८९३ सालीं ती जपानास गेली व १८९५ सालीं भारतांत आली. साहेब १९०५ सालीं प्रभूकडे गेले. त्या दोघांची या जगांत पुन्हा भेट झाली नाहीं. तरी तिनें आपल्या पुस्तकांवर स्वतःच्या नांवाबरोबर विल्सन हें नांवही घातलें.

तामिळ देशांत १९०१ सालीं देवळास वाहिली जाण्याच्या भयानें पळालेली सात वर्षांची एक मुलगी तिच्या आश्रयास आली. तिच्यामागून दुसरीं लेकरें आलीं, आणि एमीबाई त्यांची ‘अम्मा’ झाली. १९५१ सालीं मरण येईपर्यंत ती मायदेशीं परतली नाहीं. वृद्धानें एका पोरक्या मुलीस जी माया दिली, ती अशी पुष्कळ लेकरांस पोहोंचली.

येथें तीन गोष्टी ध्यानांत धरा. पहिली, वृद्धानें केवळ बोध केला नाहीं. आपलें घर उघडलें. दुसरी, तरुणीनें वडिलांचें ऐकलें, पण देवाच्या हाकेस उत्तर स्वतःच दिलें. तिसरी, देवानें मागतांच वृद्धानें तिला आपल्या हातांतून सोडलें. ही तिसरी गोष्ट सर्वांत कठीण.

आतां आपल्या मेळ्यांकडे पाहा. वडील मंडपांत बसतात, मुलें बाहेर झाडाखालीं हुंदडतात, आणि आजी चुलीपाशीं भाकरी भाजीत असते. तिला अक्षर येत नाहीं, म्हणून कोणी तिला बोलावीत नाहीं. परंतु दुष्काळांत देवानें घर कसें तारिलें, पहिली प्रार्थना करतांना ओठ कसे कांपले, हें तिच्यावांचून कोण सांगेल? उपदेशक बंधूंनो, तिला मंडपांत आणा व मुलांस तिच्या पायांशीं बसवा. तरुणांनो, तिला विचारा. ती गेल्यावर तें पुस्तक मिटेल. आणि आईबापांनो, सेवेस जावयास निघालेल्या मुलाचा हात धरून ठेवूं नका.

आपल्या पूर्वजांचा देव आपल्या लेकरांचाही देव होवो. आमेन.