देवाला पुढे करू नकोस

काय गं, काल खमाजची ठुमरी गायलीस की आरती म्हटलीस? गळा आहे, सूर पक्का आहे, लयीची समज आहे. मग नायिका प्रियकराला जवळ बोलावते, नेमक्या त्या ओळीला मान खाली का गेली? घाईघाईने तान मारून समेवर उडी का घेतलीस? कुणी मागे लागलं होतं का?

विचारलं की तुझं उत्तर तयार. "हे आत्मा-परमात्म्याचं मीलन आहे." रियाझात अंग चोरायचं आणि पकडलं गेलं की देवाला पुढे करायचं! जयदेवाने बाराव्या शतकात गीतगोविंदात राधा-कृष्णाची रात्र आडपडदा न ठेवता रंगवली. पुरीच्या जगन्नाथापुढे ती शतकानुशतकं गायली गेली. त्याला देह आणि भक्ती एकाच अष्टपदीत मांडता आले. तुला देह गाळून भक्ती हवी. का? तशी ती फुकट मिळते म्हणून.

दुसरी पळवाट, "चांगल्या घरातल्या मुली असं गात नाहीत." ही तर उसनी. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं घराघरात पोचावं म्हणून चिजांमधले शृंगारी शब्द काढून भक्तीचे घातले. त्यांची अडचण खरी होती, त्या काळी पालकांनी मुलींना गाण्याला पाठवलंच नसतं. तुझी अडचण कोणती? तुला कोण अडवतंय? आणि एक ध्यानात ठेव. रसूलनबाई, सिद्धेश्वरीदेवी अशा बायांनी बनारसची ही गायकी जिवापाड सांभाळली. कोठीवरच्या बायका म्हणून प्रतिष्ठितांनी त्या परंपरेला नाकं मुरडली, गाणं मात्र उचललं. तूही तेच करतेस. ठुमरी हवी, पण ठुमरीतली बाई नको. शोभतं का तुला?

आता कामाचं ऐक. बोलबनाव म्हणजे शब्द नुसता घोळवणं नव्हे. एकच ओळ घे. आधी तक्रार कर. मग लाडीगोडी. मग रुसवा. मग बोलावणं. शब्द तेच, मनातलं दर वेळी निराळं. खमाजात चढताना शुद्ध निषाद, उतरताना कोमल. त्या कोमल निषादावर जरा रेंगाळ, रुसवा तिथेच सैल पडतो. काल तू तो धावत्या गाडीने लहानसं स्टेशन टाकावं तसा टाकलास. धैवतावर तर टेकलीसच नाही. तबल्याची लग्गी सुरू झाली आणि सुटलीस एकदाची!

उद्या डोळे मोडून दाखवशील, तेही चालायचं नाही. ती लाजेचीच दुसरी बाजू, कारण त्यातही स्वर चुकवलेलाच असतो. बेळगावच्या शोभा गुर्टूंची ध्वनिमुद्रणं ऐक. तिथे ना डोळे दिसतात ना हात. तरी ओढ कळते, राग कळतो, शरीर कळतं. सगळं स्वराच्या लगावात आहे. तुला हे ऐकू येतं, मला ठाऊक आहे. गळ्याने गरीब असतीस तर एवढं बोललेच नसते.

उद्या सकाळी सातला ये. वही नको, तानपुरा लावून बस. एक ओळ, चार भाव, तान एकही नाही. ते जमेपर्यंत दुसरी चीज मिळणार नाही.